नॅनो पदार्थ आणि तोंडाचा कर्करोग

ज्या पदार्थाच्या कणाची निदान एक बाजू तरी साधारण 1 ते 100 नॅनोमीटर या मापात बसते, त्याला नॅनो पदार्थ म्हणतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. रक्तातल्या तांबड्या पेशीची रुंदी सुमारे 7,000 नॅनोमीटर भरते. एवढे बारीक झाल्यावर पदार्थाचे गुण बदलतात. सोने पिवळे दिसत नाही, लाल किंवा जांभळे दिसते. लोहाच्या ऑक्साइडचा कण बाहेरचे चुंबकीय क्षेत्र असेपर्यंत चुंबक असतो आणि क्षेत्र काढताच चुंबकत्व सोडून देतो. वजन तेवढेच राहते, पण पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो. वैद्यकाच्या दृष्टीने याहून मोठी गोष्ट म्हणजे शरीराच्या गाळण्याही याच मापाच्या आहेत. सुमारे साडेपाच नॅनोमीटरहून लहान कण मूत्रपिंडातून गाळला जाऊन लघवीवाटे निघून जातो. त्याहून मोठा कण रक्तात फिरत राहतो आणि बहुतेक वेळा यकृतातल्या कुप्फर पेशी त्याला गिळतात. दोनशे नॅनोमीटरच्या पुढचे कण प्लीहेत अडकू लागतात. म्हणून कण कशाचा आहे याच्या जोडीला तो केवढा आहे आणि त्याच्या अंगावर कोणते आवरण आहे, हेही तितकेच पाहावे लागते.

वैद्यकात या पदार्थांचे तीन मोठे उपयोग सांगितले जातात: शरीराच्या आतले चित्र स्पष्ट करणे, कर्करोगावर उपचार करणे आणि मोडलेले किंवा कापून काढलेले हाड भरून आणणे. पुस्तकांत ही तीन प्रकरणे वेगवेगळी येतात. तोंडाच्या कर्करोगात मात्र ती एकाच रुग्णात, वीतभर जागेत, एकामागून एक उभी राहतात. मानेतल्या गाठींत रोग उतरला आहे का हे पाहायचे असते, गालातली किंवा जिभेवरची गाठ नष्ट करायची असते आणि रोग जबड्याला लागला असेल तर कापलेला जबडा पुन्हा उभा करायचा असतो. त्यामुळे नॅनो पदार्थांकडून खरोखर काय मिळते आणि काय मिळत नाही, हे तपासायला या रोगासारखी दुसरी जागा नाही. भारतात हा रोग जिथे ठाण मांडून बसला आहे त्या शहरांपैकी एक भोपाळ आहे.

भोपाळमध्ये कर्करोगाची लोकसंख्येवर आधारित नोंदणी 1986 पासून होते. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटला. त्या वायूमुळे पुढे कर्करोग वाढतात का, हे पाहण्यासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ही नोंदणी सुरू केली. नोंदवही वायूसाठी उघडली गेली, पण तिने शहराचे आणखी एक दुखणे वर्षानुवर्षे ठळकपणे दाखवले, ते म्हणजे पुरुषांमधले तोंडाचे आणि जिभेचे कर्करोग. त्यामागे तंबाखू आहे, सुपारी आहे, गुटखा आहे. मध्य प्रदेशाने 1 एप्रिल 2012 पासून गुटख्यावर बंदी घातली आणि असे करणारे ते देशातले पहिले राज्य ठरले. महाराष्ट्राने त्याच वर्षी जुलैमध्ये ती वाट धरली. पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत विकून बंदीला बगल देण्याचा प्रकार दोन्ही राज्यांत सर्वांना ठाऊक आहे.

या रोगासाठी लागणारे ज्ञान शहराबाहेर शोधायला जावे लागत नाही. नेहरू नगरातला रहिवासी तोंडातल्या न भरणाऱ्या जखमेसाठी निघाला, तर इदगाह हिल्सवरचे जवाहरलाल नेहरू कर्करोग रुग्णालय आणि साकेत नगरचे एम्स ही दोन्ही ठिकाणे त्याच्या शहरातच आहेत. नव्या पदार्थांवर काम करणारी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची प्रयोगशाळा, म्हणजे अ‍ॅम्प्री, नर्मदापुरम रस्त्यावर आहे, तर विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची संस्था, म्हणजे आयसर, भौरीला आहे. पदार्थ घडवणारे आणि रोगी तपासणारे एकाच शहरात असणे ही दुर्मीळ सोय आहे. तिचा उपयोग करायचा तर कोणत्या कामाला आधी हात घालावा हे ठरवावे लागते. इथे मांडायचे म्हणणे असे आहे की तोंडाच्या कर्करोगात नॅनो कण शिरेतून रक्तात सोडण्याऐवजी रोगाच्या जागी थेट नेऊन ठेवण्याच्या पद्धतींना पहिला हक्क मिळाला पाहिजे. हा अवयव डोळ्यांनी दिसतो आणि बोटाला लागतो. शरीरातल्या फार थोड्या कर्करोगांबाबत असे म्हणता येते.

रक्तातून जाणाऱ्या कणांचा इतिहास आधी पाहिला पाहिजे, कारण नॅनो औषधांची कीर्ती त्यांच्यामुळेच झाली. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचे जुने आणि प्रभावी औषध आहे. त्याचा मोठा दोष म्हणजे ते हृदयाच्या स्नायूला इजा करते. ते मेदाच्या पडद्याच्या पोकळ गोळीत, म्हणजे लायपोसोममध्ये, कोंडले आणि गोळीवर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे आवरण चढवले, तर सुमारे 100 नॅनोमीटरचा हा कण रक्तात कितीतरी तास टिकतो आणि हृदयाला होणारा त्रास कमी होतो. हे औषध डॉक्सिल या नावाने नोव्हेंबर 1995 मध्ये अमेरिकेत मान्य झाले. पुढे त्याचा तुटवडा पडला, तेव्हा फेब्रुवारी 2012 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्माच्या लिपोडॉक्सला तात्पुरत्या आयातीची परवानगी दिली आणि पुढच्या वर्षी त्याच कंपनीच्या जेनेरिक औषधाला रीतसर मान्यता दिली. 2005 मध्ये आलेल्या अब्रॅक्सेनमध्ये पॅक्लिटॅक्सेल हे औषध अल्ब्युमिन प्रथिनाच्या सुमारे 130 नॅनोमीटरच्या कणांत बांधलेले असते. त्यामुळे पूर्वी ते विरघळवायला वापरले जाणारे, तीव्र अ‍ॅलर्जी उठवणारे द्रावक टळले.

महाराष्ट्रातल्या घराघरांना लायपोसोम हा शब्द 2021 मध्ये वेगळ्याच कारणाने कळला. कोविडनंतर म्युकरमायकोसिस या बुरशीच्या रोगाची लाट आली आणि लायपोसोमल अँफोटेरिसिन बी च्या कुप्यांसाठी नातेवाईक जिल्ह्या-जिल्ह्यांत फिरू लागले. साध्या अँफोटेरिसिनने मूत्रपिंडे बिघडतात. लायपोसोममध्ये बांधल्याने तो धोका बराच कमी होतो. या औषधाचे एक भारतीय रूप कितीतरी आधी तयार झाले होते. दिल्ली विद्यापीठातले बी. के. बच्छावत आणि मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या नीलिमा क्षीरसागर यांच्या कामातून ते आले. भारतात नॅनो औषधावर रुग्णालय आणि प्रयोगशाळा यांनी मिळून काम केल्याचे हे ठळक उदाहरण आहे, आणि त्याचे श्रेय जितके मिळायला हवे तितके मिळालेले नाही.

या सगळ्या औषधांत लाभ कोणता झाला, हे नीट पाहावे. त्यांनी औषधाची विषारी बाजू कमी केली आणि रुग्णाला ते सोसेल असे केले. कण आपणहून गाठ शोधून तिच्यात साठतो, ही जी मोठी आशा होती ती माणसात फारशी फळली नाही. ती आशा जपानमधल्या मात्सुमुरा आणि माएदा यांच्या 1986 च्या निरीक्षणावर उभी होती. कर्करोगाच्या गाठीतल्या नव्या रक्तवाहिन्या गळक्या असतात आणि तिथून द्रव वाहून नेणाऱ्या लसीकावाहिन्या दुबळ्या असतात, म्हणून मोठे रेणू आणि कण तिथे शिरतात आणि अडकून राहतात. उंदरांच्या झपाट्याने वाढणाऱ्या गाठींत हे छान दिसते. माणसाच्या गाठी सावकाश वाढतात आणि एकीच्या रक्तवाहिन्या दुसरीसारख्या नसतात. टोरांटोतल्या वॉरन चॅन यांच्या गटाने दहा वर्षांतल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांची आकडेवारी एकत्र करून 2016 मध्ये दाखवले की शिरेतून दिलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोहोचणाऱ्यांचा मध्यक 0.7 टक्के आहे. उरलेला बहुतेक माल यकृत आणि प्लीहा ठेवून घेतात. कणाच्या अंगावर गाठ ओळखणारे रेणू चिकटवूनही हे चित्र फारसे पालटले नाही.

हा आकडा पुढे आल्यावर नॅनो वैद्यकाला नावे ठेवणारे पुष्कळ निघाले. वास्तविक त्यातून निघणारा अर्थ सरळ आहे. फुप्फुसात किंवा स्वादुपिंडात खोलवर असलेल्या रोगासाठी रक्ताखेरीज वाट नसेल, तर एक टक्क्याहूनही कमी पोहोच पत्करावी लागते आणि ती वाढवायचे संशोधन व्हायला हवे. गालाच्या आतल्या गाठीबाबत अशी काही सक्ती नाही. तिथे सुई थेट गाठीत टोचता येते.

थेट टोचण्याचा सर्वांत जुना आणि सर्वांत पक्का उपयोग उपचारात नसून तपासणीत आहे. तोंडाचा कर्करोग आधी मानेच्या लसीका गाठींत उतरतो. हाताला गाठ लागत नाही, सोनोग्राफीत दिसत नाही, अशा सुरुवातीच्या रुग्णांत मानेचे ऑपरेशन लगेच करावे की गाठ दिसेपर्यंत थांबावे, हा वाद अनेक दशके चालला. तो मिटवण्याचे काम मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या चाचणीने केले. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत मानेचे ऑपरेशन लगेच झालेल्या गटात तीन वर्षांनंतर 80 टक्के रुग्ण हयात होते आणि थांबलेल्या गटात 67.5 टक्के. इतका स्वच्छ निकाल शस्त्रक्रियेच्या चाचण्यांत क्वचितच लागतो. पण त्याच चाचणीने आणखी एक गोष्ट दाखवली. लगेच ऑपरेशन झालेल्यांपैकी सुमारे 30 टक्क्यांच्याच गाठींत रोग सापडला. बाकीच्यांच्या मानेचे ऑपरेशन झाले, काहींचा खांदा त्यामुळे दुबळा झाला, आणि काढलेल्या गाठींत काहीच नव्हते.

हे तीस आणि सत्तर वेगळे करण्याचे साधन म्हणजे रोगाच्या वाटेवरची पहिली गाठ, सेंटिनल नोड, शोधून काढणे. टेक्निशियम-99एम हे किरणोत्सारी मूलद्रव्य गंधकाच्या किंवा अल्ब्युमिनच्या बारीक कणांवर चढवतात. तोंडातल्या मूळ गाठीच्या भोवती चार ठिकाणी हे द्रावण अगदी थोडे थोडे टोचतात. कण लसीकावाहिनीत शिरतात, वाहत जाऊन पहिल्या गाठीत पोहोचतात आणि तिथल्या पेशी त्यांना धरून ठेवतात. गॅमा कॅमेऱ्याखाली मानेत एक ठिपका उजळतो. मग शस्त्रक्रियेच्या टेबलावर पेनाएवढा गॅमा प्रोब मानेवरून फिरवतात. आवाज जिथे चढतो तिथे छोटा छेद घेऊन तेवढ्या एक-दोन गाठी काढतात. पॅथॉलॉजिस्ट त्या गाठीचे दर 150 मायक्रोमीटरवर काप घेऊन केराटिनच्या रंजनाने एकेक काप तपासतो. रोग सापडला तर मानेचे पूर्ण ऑपरेशन होते, नाही सापडला तर मान वाचते. फ्रान्स आणि जपानमधल्या तुलनात्मक चाचण्यांत या मार्गाने गेलेल्या रुग्णांचे आयुष्य पूर्ण ऑपरेशन झालेल्यांपेक्षा कमी भरले नाही.

कणाच्या मापाचे महत्त्व इथे हातात धरून दाखवावे इतके स्पष्ट होते. अगदी लहान कण गाठीत न थांबता पुढे निघून जातो आणि दुसरी, तिसरी गाठही उजळवतो. फार मोठा कण टोचलेल्या जागीच बसून राहतो. जिभेच्या खालच्या भागात रोग असेल तर आणखी एक अडचण येते: टोचलेली जागा आणि पहिली गाठ एकमेकींच्या इतक्या जवळ असतात की तोंडातल्या द्रावणाच्या झगझगाटात मानेतला ठिपका बुडून जातो. यासाठी सुमारे 7 नॅनोमीटरचा टिलमॅनोसेप्ट हा रेणू तयार केला गेला. त्याच्यावरच्या मॅनोज शर्करेमुळे गाठीतल्या पेशी त्याला घट्ट पकडतात आणि टोचलेल्या जागेवरून तो चटकन निघून जातो. अमेरिकेत डोके आणि मानेच्या कर्करोगासाठी त्याला 2014 मध्ये मान्यता मिळाली.

टेक्निशियमचे अर्धे आयुष्य सहा तासांचे असते. ते ज्या मॉलिब्डेनमपासून मिळते त्याचे जनित्र दर आठवड्याच्या हिशेबाने मागवावे लागते. भारतात ते पुरवण्याचे काम नवी मुंबईतल्या वाशीच्या बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजीकडे, म्हणजे ब्रिटकडे आहे. न्यूक्लियर मेडिसिन विभाग नसलेल्या जिल्हा रुग्णालयात हा मार्ग बंद असतो. तिथे लोहाच्या ऑक्साइडच्या कणांचा विचार झाला पाहिजे. सुमारे 60 नॅनोमीटरचे, डेक्स्ट्रानचे आवरण असलेले हे कण टोचले की त्याच वाटेने पहिल्या गाठीत जातात. तिथे त्यांना चुंबकीय प्रोबने शोधता येते आणि गाठ तपकिरी पडल्याने डोळ्यांनाही दिसते. स्तनाच्या कर्करोगासाठी असे एक द्रावण अमेरिकेत 2018 मध्ये मान्य झाले. किरणोत्सार नाही, जनित्राची वाट पाहणे नाही. उणीव अशी की कण जिथे उरतात तिथे पुढच्या एमआरआयमध्ये काळा डाग पडतो, आणि तोंडाच्या रुग्णाला पुढची काही वर्षे एमआरआय लागतच राहतो. म्हणून टोचायची मात्रा किती कमी करता येईल, हा भोपाळसारख्या ठिकाणी बसून सोडवण्याजोगा नेमका प्रश्न आहे.

या मार्गाची मर्यादाही मोठी आहे आणि ती भारतातच जास्त जाणवते. सेंटिनल नोडचा बहुतेक पुरावा जिभेच्या आणि जिभेखालच्या कर्करोगाचा आहे. टाटा मेमोरियलच्या चाचणीतले बहुसंख्य रुग्णही जिभेचे होते. गुटखा आणि तंबाखू गालात धरून ठेवणाऱ्यांचा रोग गाल आणि हिरडी यांच्या मधल्या खाचेत होतो. तिथून लसीका कोणत्या वाटेने उतरते याची खात्री भारतीय रुग्णांतच करावी लागेल. त्यातही पुष्कळ रुग्ण रोग जबड्यात शिरल्यावर येतात आणि तेव्हा सेंटिनल नोडचा प्रश्नच उरत नाही. इथे कणापेक्षा लवकर तपासणीला जास्त किंमत आहे, हे मान्य करूनच पुढे जावे लागते.

एमआरआयसाठी लोहाचे कण शिरेतून देण्याचा प्रयोग आधी होऊन गेला आहे. यकृतातल्या कुप्फर पेशी कण गिळतात आणि त्यामुळे निरोगी यकृत काळे दिसते. गाठीत कुप्फर पेशी नसतात म्हणून ती उजळ राहते. या तत्त्वावरची औषधे 1990 च्या दशकात बाजारात आली आणि गॅडोलिनियमची नवी द्रावणे व सुधारलेली यंत्रे यांच्यापुढे टिकली नाहीत. त्याच जातीतले फेरुमॉक्सिटॉल 2009 पासून मूत्रपिंडाच्या रुग्णांना लोह भरून देण्यासाठी वापरले जाते. सोन्याच्या कणांचा सीटी स्कॅनसाठी विचार होतो, कारण सोन्याचा अणुक्रमांक 79 आणि आयोडिनचा 53, त्यामुळे क्ष-किरण अडवण्यात सोने सरस ठरते. सीटीला मात्र द्रव्य ग्रॅमच्या हिशेबात लागते आणि तेवढे सोने रुग्णाच्या यकृतात सोडणे कोणत्याही बाजूने परवडणारे नाही. कॅडमियमच्या क्वांटम डॉटची चमक डोळ्यांत भरते, पण कॅडमियम विषारी आहे आणि माणसात त्याला जागा नाही.

उपचारात थेट टोचण्याच्या पद्धती तीन. पहिली चुंबकीय उष्णतेची. लोहाचे कण गाठीत टोचून बाहेरून उलटसुलट होणारे चुंबकीय क्षेत्र लावले की कण तापतात आणि भोवतालच्या पेशी 43 अंशांच्या आसपास गेल्या की मरू लागतात किंवा किरणोपचाराला, ज्याला रुग्ण शेक म्हणतात, जास्त बळी पडतात. बर्लिनच्या मॅगफोर्स कंपनीला मेंदूच्या गाठीसाठी या पद्धतीची युरोपीय मान्यता 2010 मध्ये मिळाली. पद्धत चालली, धंदा चालला नाही. 2022 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. या उपचाराची एक अट तोंडाच्या रुग्णांसाठी कळीची आहे: क्षेत्राच्या टप्प्यात धातू चालत नाही, दातांतले धातूचे भरणसुद्धा आधी काढावे लागते. मेंदूच्या रुग्णात ही किरकोळ तयारी वाटेल. जबड्याला टायटॅनियमची पट्टी बसवलेल्या रुग्णात तिच्यामुळे उपचारच अडू शकतो.

कण जास्त तापून निरोगी पेशी भाजू नयेत यासाठी एक देखणा उपाय महाराष्ट्रात अभ्यासला गेला आहे. प्रत्येक चुंबकीय पदार्थाचे एक तापमान असते ज्याच्या वर त्याचे चुंबकत्व संपते. लँथॅनम, स्ट्रॉन्शियम आणि मँगेनीज यांच्या ऑक्साइडमध्ये घटकांचे प्रमाण बदलून हे तापमान खाली आणता येते. मग कण हव्या त्या तापमानाला पोहोचला की आपोआप तापायचा थांबतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत किशोर पाकणीकर यांच्या गटाने डेक्स्ट्रानचे आवरण दिलेल्या अशा कणांचे पेशींवर आणि नंतर प्राण्यांवर प्रयोग केले. कोल्हापूरच्या डी. वाय. पाटील विद्यापीठात आणि आयआयटी मुंबईतही या पदार्थावर काम झाले. एवढे सगळे शोधनिबंधांत आहे आणि रुग्णापर्यंत काहीच आलेले नाही, ही गोष्ट मनाला लागते. यामागे बुद्धीची उणीव नाही. औषधाच्या दर्जाचे उत्पादन, प्राण्यांवरची दीर्घ विषचाचणी आणि शल्यविशारदाचा सहभाग या तीन पायऱ्या विद्यापीठाच्या प्रकल्पात बसत नाहीत आणि त्यांच्यासाठी पैसा देणारे दुसरे कोणी पुढे येत नाही. केंद्र सरकारने 2007 मध्ये नॅनो मिशन सुरू केले तेव्हा पाच वर्षांसाठी 1,000 कोटी रुपये ठेवले होते. त्यातून प्रयोगशाळा आणि सूक्ष्मदर्शके उभी राहिली. औषध होण्याचा शेवटचा टप्पा अजून पोरका आहे.

दुसरी पद्धत प्रकाशाची. सिलिकाच्या गोळीवर सोन्याचा पातळ थर दिला की तो कण अवरक्त किरणाच्या एका ठरावीक पट्ट्यात प्रकाश शोषून तापतो. अमेरिकेत प्रोस्टेटच्या कर्करोगावर 16 रुग्णांतला अनुभव 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. अवरक्त प्रकाश मांसात फार तर काही सेंटिमीटर जातो. पोटातल्या अवयवासाठी हा अडथळा आहे, गालासाठी नाही. तिसरी पद्धत सध्या सर्वांत पुढे आहे. हाफनियम ऑक्साइडचे सुमारे 50 नॅनोमीटरचे कण शेक सुरू होण्याआधी एकदाच गाठीत टोचतात. हाफनियमचा अणुक्रमांक 72 असल्याने किरण तिथे जास्त ऊर्जा सोडतात आणि तेवढ्याच शेकात गाठीला जास्त मार बसतो. मऊ ऊतींच्या सार्कोमात गाठ पूर्ण मेल्याचे प्रमाण 8 वरून 16 टक्क्यांवर गेल्याचे 2019 मध्ये दिसले. डोके आणि मानेच्या कर्करोगात, ज्यांना सिसप्लॅटिन हे औषध सोसत नाही अशा वयस्कर रुग्णांवर, मोठी चाचणी 2022 मध्ये सुरू झाली. या पद्धतीला नवे यंत्र लागत नाही. किरणोपचाराचे यंत्र आधीच असलेल्या रुग्णालयात सुईची तेवढी भर पडते. भारतासाठी तिचे मोल इथेच आहे.

हात पोहोचतो म्हणताना भोपाळच्या ओपीडीतले वास्तव विसरून चालणार नाही. सुपारीने गालाची आतली त्वचा आखडते आणि तोंड उघडेनासे होते. निरोगी माणसाच्या तोंडात तीन बोटे उभी मावतात. या रुग्णांपैकी कित्येकांच्या तोंडात एक बोटही जात नाही. शिवाय गाठ फुटून जखम झालेली असते, त्यामुळे टोचलेले द्रावण लाळेबरोबर बाहेर येऊ शकते. म्हणून तोंडासाठी कण घडवणाऱ्याने द्रावणाचा दाटपणा, टोचल्यावर जेलसारखे बसण्याचा गुण आणि वाकड्या सुईची लांबी यांचा विचार कणाच्या रसायनाइतकाच करायला हवा. हा विचार प्रयोगशाळेत एकट्याने सुचत नाही. रोज असे तोंड तपासणारा माणूस शेजारी लागतो.

आता हाड. माणसाचे हाड मुळातच नॅनो पदार्थ आहे. कोलॅजेन प्रथिनाच्या तंतूंवर दर 67 नॅनोमीटरवर पट्टा असतो आणि त्या तंतूंत हायड्रॉक्सिअपेटाइटचे, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या खनिजाचे, काही नॅनोमीटर जाडीचे चपटे स्फटिक बसलेले असतात. पूर्वीचे कृत्रिम हायड्रॉक्सिअपेटाइट भट्टीत भाजून बनायचे. त्याचे स्फटिक मोठे असायचे आणि ते शरीरात वर्षानुवर्षे दगडासारखे राहायचे. नॅनो स्फटिकांचा पृष्ठभाग मोठा असल्याने ते हाड खाणाऱ्या पेशींना झिजवता येतात आणि त्यांच्या जागी खरे हाड येते. अशा प्रकारच्या एका हाड-भरणाला अमेरिकेत 2005 मध्ये मंजुरी मिळाली.

गालातल्या कर्करोगात जबड्याचा तुकडा काढावा लागणे नेहमीचे आहे. कधी खालची कड ठेवून वरचा भाग निघतो, कधी आरपार. आरपार कापलेल्या जबड्यासाठी पायातले फिब्युला हाड त्याच्या रक्तवाहिनीसकट आणून जोडण्याची पद्धत हिडाल्गो यांनी 1989 मध्ये मांडली आणि आजही तीच सर्वोत्तम आहे. नॅनो हायड्रॉक्सिअपेटाइटची पेस्ट भरून एवढी फट बुजेल, असे कोणी म्हणत असेल तर ते चुकीचे आहे. हाडाला आधी रक्त लागते. त्यात या रुग्णांना पुढे सहा आठवडे शेक असतो आणि शेकाने जबड्यातल्या बारीक रक्तवाहिन्या बंद होतात. मग हाड सडण्याचाच धोका असतो. पेस्टची खरी जागा लहान आहे: फिब्युलाचे तुकडे वाकवून जोडताना राहणाऱ्या फटी, काढलेल्या दातांची पोकळी, पुढे दात बसवण्यासाठी लागणारी थोडी उंची. म्युकरमायकोसिसमध्ये वरचा जबडा गमावलेल्या रुग्णांनाही हेच लागू पडते, आणि त्यांना शेक नसल्यामुळे त्यांच्यात यशाची आशा जास्त आहे.

इथे एक इशारा स्पष्ट द्यायला हवा. हाड लवकर यावे म्हणून पेस्टमध्ये किंवा सांगाड्यात वाढीचे प्रथिन मिसळण्याकडे संशोधनाचा ओढा आहे. बीएमपी-2 या प्रथिनाचे हाड-भरण 2002 मध्ये मान्य झाले. पण त्याच्या माहितीपत्रकातच लिहिले आहे की गाठ असलेल्या किंवा गाठ काढलेल्या जागी ते वापरू नये. वाढ चेतवणारा पदार्थ मागे राहिलेल्या कर्कपेशीलाही चेतवू शकतो. भारतात जबडा कापण्याचे मोठे कारण कर्करोग असताना, प्रथिन भरलेला सांगाडा जबड्यासाठी म्हणून पुढे करणे धोक्याचे आहे. साधे खनिज तिथे जास्त भरवशाचे.

आधार देणाऱ्या धातूच्या बाबतीत भोपाळची स्वतःची विद्या आहे. टायटॅनियमचा ताठपणा सुमारे 110 गिगापास्कल असतो, तर कठीण हाडाचा 10 ते 30. ताठ पट्टी सगळा भार स्वतः घेते, शेजारच्या हाडाला काम उरत नाही आणि ते विरळ होते. अ‍ॅम्प्रीत धातूच्या फेसांवर दीर्घ काळ काम झाले आहे. धातूच्या भुकटीत निघून जाणारे दाणे मिसळून, ते काढून टाकून मग भाजले की सच्छिद्र टायटॅनियम मिळते. छिद्रांचे प्रमाण बदलून त्याचा ताठपणा हाडाच्या जवळ आणता येतो. छिद्रे शंभर-दोनशे मायक्रोमीटरची हवीत, म्हणजे त्यांतून रक्तवाहिनी शिरू शकेल, आणि छिद्राच्या भिंतीवर नॅनो मापाचा खडबडीतपणा किंवा हायड्रॉक्सिअपेटाइटचा थर हवा, म्हणजे पेशी तिथे पकड घेतील. याच संस्थेने अ‍ॅल्युमिनियम उद्योगाच्या लाल चिखलापासून क्ष-किरण अडवणाऱ्या, शिसे नसलेल्या फरशांचा पदार्थही तयार केला. टाकाऊ खनिजातून रुग्णालयाच्या कामाची वस्तू घडवण्याचा हा अनुभव जबड्याच्या पट्टीपर्यंत नेण्याजोगा आहे.

राहिला सुरक्षिततेचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर इतिहासाने देऊन ठेवले आहे. थोरोट्रास्ट हे थोरियम डायऑक्साइडच्या नॅनो कणांचे द्रावण 1930 च्या दशकात क्ष-किरण चित्रांसाठी जगभर वापरले गेले. चित्रे अप्रतिम यायची, रुग्णाला लगेच काहीही त्रास व्हायचा नाही. कण मात्र यकृतात, प्लीहेत आणि हाडाच्या मगजात आयुष्यभर राहिले आणि किरणोत्सार करत राहिले. यकृताचे कर्करोग दिसू लागले ते पंधरा, वीस, चाळीस वर्षांनी. आजचे कण किरणोत्सारी थोरियमचे नसले, तरी हाफनियम आणि सोने शरीर पचवत नाही आणि यकृत त्यांना लवकर सोडत नाही. लोह शरीर वापरून टाकते, अपेटाइट हाडात मिसळते. म्हणून दोन पर्याय सारखेच उपयोगी असतील तिथे शरीराला ओळखीचा पदार्थ निवडावा, हा नियम आधीच घालून घेतला पाहिजे.

जैवतंत्रज्ञान विभागाने ऑक्टोबर 2019 मध्ये नॅनो औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. कणाचे माप, आवरण, शरीरातला प्रवास आणि साठा यांची माहिती त्यात मागितली आहे. ती औषध बाजारात येण्याआधीची तपासणी आहे. चाळीस वर्षांनी काय झाले हे सांगणारी व्यवस्था वेगळी लागते आणि भोपाळकडे ती 1986 पासून आहे. कर्करोगाच्या नोंदणीत रुग्णाला कोणता कण, कोणत्या बॅचचा, किती मात्रेत आणि कोणत्या जागी दिला, एवढे चार रकाने वाढवले तर शहरातला प्रत्येक असा रुग्ण आयुष्यभर शोधता येईल. थोरोट्रास्टचे सत्य डेन्मार्क, जर्मनी, जपान आणि पोर्तुगालमध्ये बाहेर आले, कारण तिथे कोणाला द्रावण टोचले होते याच्या याद्या जपून ठेवल्या होत्या.